दूरस्थ अध्यापनात चित्रपुस्तक



२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा भ्रमणध्वनीवरून धडे धाडण्याची पद्धत रूढ झाली. अतिवृष्टीच्या सुटीत ती आजही उपयोगी पडते. मात्र अनेक घरी भ्रमणध्वनी एकच. तो सकाळी वडिलांबरोबर अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यात जातो व दिवेलागणीस परततो. मग पहिली-दुसरीच्या बालकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येतात. तेवढ्यात तीन विषयांचे तीन धडे कसे मावावेत?

तेथे चित्रपुस्तकाचे एकच पान पुरते. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात. समजा, चित्रात हंडा घेतलेली बाई आहे. ती कोणाशी काय बोलत असेल, ही झाली भाषा. घरचा हंडा किती तांब्यांनी भरतो, हे गणित. ते पाणी आले कोठून, हा परिसर अभ्यास. येथे बदलापूरजवळच्या बारवी धरणाची गोष्ट सांगता येते. भ्रमणध्वनी परत गेला तरी हंडा व तांब्या घरीच राहतात, हे विशेष!

बदलापूरकडील ठाकर-कातकरी पाड्यांवर घरची बोली निराळी, उल्हासनगरात अनेक घरी सिंधी. बालकाने चित्राचे वर्णन प्रथम घरच्या बोलीत केल्यास त्याला अडवू नये. चित्राखालचा मजकूर मागाहून वाचावा.

उत्तरे भ्रमणध्वनीवर मागवू नयेत. शाळा भरल्यावर तांब्यांची संख्या फळ्यावर मांडावी. घरोघरचे हंडे व तांबे निरनिराळे, म्हणून आकडे जुळणार नाहीत. मापनाचा पाठ तेथूनच सुरू करावा.