‘बटण, बटण, बटण’ : एआयला आपल्या टीमचे नियम पाळायला कसं लावायचं?

आजचा भाग वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे, पण नुसता मोबाइल वापरणाऱ्यांनीही ऐका. कारण गोष्ट सुरू होते ती एका मोबाइलवरच.

आमच्या टीमने शिष्यवृत्तीच्या अर्जाचं एक पान बनवलं होतं. प्रत्येक कागदपत्रासमोर तीन छोटी बटणं : अपलोड करा, बघा, काढून टाका. तिन्हींवर नुसती चिन्हं. कोड एआयने लिहिला. मी वरवर वाचला, दिसायला झकास होता, दिला पाठवून.

चार दिवसांनी एका मुलाचा फोन आला. त्याला दिसत नाही, तो टॉकबॅक वापरतो. म्हणजे बोट जिथे जाईल तिथलं फोन वाचून दाखवतो. तो म्हणाला, “दादा, तुमचं पान मला फक्त ‘बटण, बटण, बटण’ म्हणतंय. उत्पन्नाचा दाखला मी दोनदा चुकून डिलीट केला. उद्या शेवटची तारीख आहे.”

त्या रात्री बसून दुरुस्त केलं, त्याचा अर्ज गेला. पण मला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. आमच्याकडे ‘आयकॉनबटन’ नावाचा कॉम्पोनंट आधीपासून होता, नाव वाचून दाखवणारा. एआयने तो वापरलाच नाही. आणि आमच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहिलेलं काय? ‘ॲक्सेसिबल कोड लिहा.’ बस्स, एवढंच.

आता विचार करा. रोज सकाळी टीममध्ये एक नवा मुलगा येतो. हुशार, पण काल काय ठरलं ते त्याला माहीत नाही. एआयचं तसंच आहे. नवीन सेशन म्हणजे पाटी कोरी. तुम्ही सांगितलं नाही, तर इंटरनेटवर सर्रास जे दिसतं तेच तो लिहिणार. आणि नाव नसलेली बटणं इंटरनेटवर ढिगाने आहेत.

मग आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, फाइल. क्लॉड कोडसाठी ‘क्लॉड डॉट एमडी’, बऱ्याच टूल्ससाठी ‘एजंट्स डॉट एमडी’, कोपायलटसाठी वेगळी सूचनांची फाइल असते. त्यात ‘स्वच्छ कोड लिहा’ वगैरे सुविचार नकोत. आता आमचं वाक्य असं आहे : ‘चिन्हाचं बटण हवं असेल तर आयकॉनबटन वापर, साधं बटण लिहू नकोस, नमुना अमुक फाइलमध्ये आहे. कारण : स्क्रीन रीडरला नाव लागतं.’ नियम, नमुना, कारण. आणि फाइल छोटी ठेवा. पन्नास नियमांच्या गर्दीत महत्त्वाचा नियम हरवतो.

दुसरी गोष्ट, तपासणी. फाइल म्हणजे विनंती, एआय ती कधी पाळेल, कधी विसरेल. म्हणून टाइपस्क्रिप्टमध्ये आयकॉनबटनचं ‘लेबल’ सक्तीचं केलं, नाव दिलं नाही तर बिल्डच होत नाही. ईएसलिंटमध्ये साध्या बटणाला बंदी घातली, आणि एरर मेसेजमध्येच लिहिलं : ‘याऐवजी आयकॉनबटन वापरा.’ गंमत बघा, एआय तो मेसेज वाचतो आणि स्वतःच दुरुस्त करतो! वर ‘ॲक्स’ची टेस्ट लावली, ती नाव नसलेलं बटण पकडते. हे सगळं मर्ज होण्याआधी आपोआप चालतं. मशीनला तपासता येतं ते मशीनवर सोपवा, उरलेलंच फाइलमध्ये लिहा.

तिसरी गोष्ट, आपण स्वतः. कारण एकदा एआयने लेबल दिलं : ‘आयकॉन’. सगळ्या टेस्ट पास! पण त्या मुलाला काय ऐकू आलं असतं? ‘आयकॉन, आयकॉन, आयकॉन.’ आणखी एकदा तर लिंटची एरर येऊ नये म्हणून त्याने नियमच बंद करणारी कमेंट टाकली होती. अशी कमेंट दिसली की रिव्ह्यूमध्ये थांबायचं आणि विचारायचं, का?

एक गोष्ट मात्र कबूल करतो. दोष एआयवर टाकणं सोपं होतं. पण आमचे निम्मे नियम एका सिनियर ताईच्या डोक्यात होते. ती रजेवर असली की आम्हीही तेच चुकायचो. एआयला सांगायचं म्हणून ते पहिल्यांदा नीट लिहिले गेले, आणि त्याचा फायदा नव्या मुलांनाही झाला.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या फोनवर टॉकबॅक सुरू करा आणि तुम्हीच बनवलेलं एखादं पान पाच मिनिटं डोळे मिटून वापरा. आणि हो, ते बंद कसं करायचं हे आधी बघून ठेवा, नाहीतर मला शिव्या घालाल! ‘बटण, बटण, बटण’ ऐकू आलं, तर तुमच्या फाइलमधला पहिला नियम कुठला, ते तुम्हाला कळलंच.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!