प्रसाविका की प्रसूतितज्ज्ञ? बाळंतपण आणि कामगार कुटुंब

(सिकंदराबाद येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात महिला समितीतर्फे केलेले भाषण)



युनियनच्या सभेत आपण पगार, भत्ते, बदल्या, रिक्त जागा यांवर तासन्‌तास बोलतो. बाळंतपण मात्र "बायकांचा विषय" म्हणून बाजूला राहते. आमच्या समितीचे म्हणणे असे, की हा विषय कामगारांचाच आहे. कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीचा लाभ मिळावा म्हणून १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. तेव्हापासून झगडत झगडत आज केंद्रीय कर्मचारी स्त्रीला १८० दिवसांची प्रसूती रजा आणि बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. रजा मिळाली. पण त्या रजेतले बाळंतपण कोणाच्या हातून आणि कसे व्हावे, हे आपण कधी विचारले का?

हा प्रश्न निघाला की लोक म्हणतात, "म्हणजे पुन्हा गावच्या सुईणीकडे जायचे काय?" इथेच गल्लत होते. अनुभवाने शिकलेली सुईण वेगळी आणि परिचर्येचे शिक्षण घेऊन नोंदणी झालेली प्रसाविका वेगळी. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार अनुभवी, नोंदणीकृत परिचारिकेला १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण मिळते. साधे बाळंतपण तिने स्वतंत्रपणे करावे आणि धोका दिसताच बाईला प्रसूतितज्ज्ञाच्या हवाली करावे, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या तेलंगणात तर २०१७ मध्येच करीमनगरच्या सरकारी रुग्णालयात असे प्रशिक्षण सुरू झाले होते.

डॉक्टरांचे उपकार आम्ही नाकारत नाही. देशात २००४–०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. रुग्णालय, रक्तपेढी आणि शस्त्रक्रिया यांवाचून हे झाले नसते. घरच्या घरी बाळंतपण करा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही.

पण दुसरी बाजूही बघा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातील साधारण २१ बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. महाराष्ट्रात २५ आणि आपण राहतो त्या तेलंगणात ६०. तेलंगणाच्या खासगी रुग्णालयांत तर हा आकडा ८१ वर गेला आणि सरकारी रुग्णालयांतही ४४ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की समाजात हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता आणि बालकांचे मृत्यू घटतात. त्यापुढे कितीही वाढले तरी आणखी घटताना दिसत नाहीत. मग उरलेल्या बायकांचे पोट कशासाठी कापले गेले?

आमच्यातल्या एका ट्रॅकमनच्या बायकोची गोष्ट सांगतो. पहिली खेप, रक्तदाब ठीक, बाळ डोक्याकडून. तरी कळा येण्याआधीच खासगी रुग्णालयात तारीख ठरली. सासूबाईंनी पंचांग पाहून मुहूर्तही काढून दिला. तेव्हा दोष एकट्या रुग्णालयाचा नाही, आपलाही आहे. दुसऱ्या खेपेला ती नांदेडकडे माहेरी गेली. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद सिकंदराबादेत कपाटात राहिला. रात्री कळा सुरू झाल्या. पोटावर जुना छेद असलेल्या बाईला गावात कोण हात लावणार? १०८ ची गाडी येऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागला. दोघे वाचले. पण एक अनावश्यक सिझेरियन पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला जोखमीचे करून ठेवते, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

रेल्वेतल्या माणसाला हे समजणे अवघड नाही. रोजची गाडी लोको पायलट चालवतो. अपघात मदत गाडी यार्डात सज्ज उभी असते. ती नसेल तर अनर्थ होईल, पण म्हणून रोजची पॅसेंजर कोणी तिच्या क्रेनने ओढत नाही. प्रसाविका आणि प्रसूतितज्ज्ञ यांचे नातेही असेच आहे. परदेशांत झालेल्या १५ चाचण्यांच्या, १७ हजारांवर स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासात २०१६ साली असे दिसले, की एकाच प्रसाविकेची किंवा त्यांच्या छोट्या गटाची सुरुवातीपासून साथ असली तर चिमट्याने बाळ ओढण्याचे आणि खाली चिरा देण्याचे प्रसंग कमी येतात. सिझेरियनमध्ये त्या अभ्यासात ठळक फरक दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाय त्या देशांत गरज पडताच डॉक्टर हजर होतो. आपल्याकडे ती हमी आधी हवी.

म्हणून निवड अशी करावी. आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जुळे, आडवे किंवा पायाळू बाळ, फार कमी रक्त, अंगावरून रक्त जाणे, यांतले काहीही असेल तर प्रसूतितज्ज्ञच हवा, तोही शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी. यांतले काही नसेल आणि प्रशिक्षित प्रसाविका रुग्णालयात असेल, तर तिच्या हाती बाळंतपण सोपवण्यात कमीपणा नाही. नाव घालतानाच विचारा: कळांच्या वेळी जवळ कोण राहणार? रात्री डॉक्टर किती वेळात येतो? सिझेरियन करायचे तर कारण काय? सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात सोबतीला एक बाई ठेवू देण्याचे धोरण केंद्राने २०१६ पासून स्वीकारले आहे, तेही मागून घ्या. आणि माहेरी जाताना ओटीच्या साडीआधी तपासणीचे सगळे कागद पिशवीत घाला.

पण नुसते प्रश्न विचारून भागणार नाही. जिथे प्रसाविकाच नाही तिथे निवड कसली? आमच्या समितीच्या मागण्या तीन आहेत. रेल्वेच्या ज्या रुग्णालयांत बाळंतपणे होतात तिथे प्रशिक्षित प्रसाविकांची पदे निर्माण करून भरावीत. ज्या खासगी रुग्णालयांत आपली माणसे पाठवली जातात, त्यांचे सिझेरियनचे प्रमाण दरवर्षी सूचनाफलकावर लागावे. आणि फलाट झाडणाऱ्या कंत्राटी भगिनींना त्यांचा हक्क मिळावा. वर्षात ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली झालेली ही सुधारणा सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवली आहे. तरी कंत्राटदार पोट दिसू लागताच नाव कमी करतो.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आया म्हणत. तो कोणाच्या हाती सोपवायचा, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या बाईचा आहे. तो तिला खरोखर वापरता यावा यासाठी या मागण्यांचा ठराव आपण एकमताने मंजूर करावा, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!