इंग्रजी उच्चार आणि आघात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आताच ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला, त्यांपैकी कित्येकांनी इंग्रजीत उत्तम गुण मिळविले आहेत. तरीही शिष्यवृत्तीच्या मुलाखती घेताना आम्ही जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘दोन वाक्ये इंग्रजीत बोल’ असे म्हणताच हुशार मुलगाही मान खाली घालतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तो असाच गप्प राहतो, आणि त्याच्याहून कमी वाचलेला, परंतु धीटपणे बोलणारा उमेदवार निवडला जातो.

आमची गत निराळी नव्हती. खेड्यातल्या मराठी शाळेतून आम्ही शहरात आलो. पहिल्याच मुलाखतीत ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द आम्ही पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारला. समोरच्या परदेशी गृहस्थांनी दोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारले आणि तिसऱ्या वेळी ते शेजाऱ्याकडे पाहून हसले. नोकरी हुकल्याचे दुःख लवकर ओसरले. ते हसू मात्र पुढे आठदहा वर्षे आमच्या घशात अडकून राहिले होते.

चूक कोठे होती हे पुष्कळ उशिरा कळले. त्या शब्दातील आघात दुसऱ्या अक्षरावर आहे. मराठीत जोर कोणत्याही अक्षरावर पडला तरी शब्द ओळखू येतो. इंग्रज कान मात्र आघातावरूनच शब्द ओळखतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर आहे. आघात सरकला की बाकीचे स्वर विरघळतात, म्हणून ‘फोटोग्राफर’ हा ऐकताना ‘फटॉग्रफर’ असा लागतो. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीयांचे इंग्रजी परक्यांस न समजण्याच्या प्रमुख कारणांमध्ये चुकीच्या आघाताची गणना केली आहे.

जे शब्दाचे तेच वाक्याचे. ‘बॉइज नीड बुक्स’ हे वाक्य घ्या, आणि त्यानंतर ‘द बॉइज विल नीड द बुक्स’ हे घ्या. दुसऱ्यात शब्द दुप्पट. परंतु ठोके दोहोंत तीनच, आणि मधले ‘द’, ‘विल’ हे त्या ठोक्यांच्या फटीत दडपून म्हटले जातात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली या दोन प्रकारच्या लयींचा भेद मांडला. यंत्राने मोजले असता ठोक्यांमधील अंतर तंतोतंत सारखे भरत नाही, असे पुढे दिसून आले. तरी शिकणाऱ्यास हा भेद उपयोगीच पडतो. आपण मात्र प्रत्येक अक्षरास पंगतीतल्या पाहुण्याप्रमाणे सारखे वाढतो!

हे दडपणे आपल्याला परके आहे काय? मुळीच नाही. लिहिताना आपण ‘आणि’ लिहितो, बोलताना ‘नि’ किंवा ‘अन्’ म्हणतो. ‘केले’ लिहितो, ‘केलं’ म्हणतो. ‘घर’ या शब्दातील शेवटचा अकार कोण उच्चारतो? मराठी आपण आईच्या तोंडून कानांनी शिकलो आणि इंग्रजी पुस्तकातून डोळ्यांनी. म्हणून तेथे छापलेला प्रत्येक स्वर उच्चारणे हे आपणांस कर्तव्य वाटते. ‘कम्फर्टेबल’ची चार अक्षरे आपण इमानाने म्हणतो, इंग्रज बहुधा तीनच म्हणतो. तो इतर स्वर ज्यात विरघळवितो तो स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. तो आपल्यापाशी आहेच. फक्त योग्य जागी वापरावयाचा आहे.

सुट्या वर्णांविषयी थोडक्यात सांगतो. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. त्यातील ‘व’साठी ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करावे. बनियनला म्हणतात त्या ‘व्हेस्ट’साठी वरचे दात खालच्या ओठास टेकवावे. आपण ‘व्ह’ लिहितो खरे, पण त्यातला ‘ह’चा श्वास मूळ इंग्रजीत नाही. ‘झू’ म्हणताना आपल्या ‘जग’मधील ‘ज’ जवळचा. मात्र जीभ वर टेकू देऊ नये. आपले ‘ट’ व ‘ड’ जरा जड पडतात, परंतु त्यामुळे सहसा कोणाचे अडत नाही. त्यांच्यावर आयुष्य खर्चू नये.

अभ्यासाची आमची रीत साधी आहे. एका मिनिटाचे चांगले भाषण घ्यावे. कागदावर उतरवून आघाताच्या अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. शंका आल्यास शब्दकोश पाहावा, तेथे बहुधा आघाताच्या अक्षराआधी उभी खूण असते. मग मेजावर बोटाने ठोका देत, बोलणाऱ्याच्या अर्धे पाऊल मागे राहून, त्याच्याबरोबर म्हणावे. शेवटी भ्रमणध्वनीवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकावा. पहिल्या दिवशी तो ऐकवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकच उतारा आठवडाभर पुरवावा. रोज नवा घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कोणी म्हणेल, हा साहेबी नखरा कशाला? नाकातून बोलून अमेरिकन होऊ पाहणाऱ्यांचे आम्हांसही हसू येते. आपला मराठी वळसा बोलण्यात राहिला तर राहू द्यावा. ऐकणाऱ्यास शब्द कळला की पुरे. पण उच्चारावरून माणसाची पायरी ठरविण्याचा रोग केवळ इंग्रजांचा नव्हे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले, ते १९७५ साली रंगभूमीवर आले. त्यात फुले विकणाऱ्या मुलीला शिकवावयाचे आहे ते शुद्ध मराठी! ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे आपल्यातही आहेत, आणि त्या हसण्याने गप्प झालेला मुलगा इंग्रजीत तोंड कसा उघडणार?

म्हणून मंडळाच्या चालकांस एक विनंती आहे. वाचनालयाची खोली रविवारी सकाळी मोकळी असते. तेथे दहा-बारा मुलामुलींचा विनाशुल्क वर्ग सुरू करावा. व्याकरण शाळेत होतेच. येथे फक्त ऐकणे आणि बोलणे. दुसऱ्याच्या उच्चारास जो हसेल त्याने त्या दिवशी सर्वांना चहा पाजावा, एवढा एकच नियम असावा. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊ, आणि ‘डेव्हलपमेंट’पासूनच आरंभ करू.