ह्याला कणीक जास्त झालीय: मोठ्या दुकानातले स्पीकर घ्यावेत का?

हा एपिसोड दोन दिवस उशिरा येतोय, कारण रेकॉर्डिंगला बसलो की पत्र्यावर पाऊस सुरू. शहापूर-मुरबाडकडून जे ऐकतायत त्यांना सांगायला नको, श्रावणात पत्र्याखाली माइक लावून बसणं म्हणजे काय असतं ते. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, जरा उघडलंय. मागून बेडूक ऐकू आले तर ते ओरिजिनल आहेत, मी टाकलेले नाहीत.

तर विषय स्पीकरचा. मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकला असताना सिग्नलचा एक पेपर होता, तोही दुसऱ्या प्रयत्नात सुटला. पण गावात काय, इंजिनियर म्हटलं की मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं यायला पाहिजे. त्यामुळे "कुठला साउंडबार घेऊ, कल्याणला ऑफर चालू आहे" हा प्रश्न मला कायम येतो. इतके दिवस मी वॉट आणि किंमत बघून उत्तर द्यायचो. आता देत नाही. का ते सांगतो.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. बाबा भजनी मंडळात गातात, तीसेक वर्षं झाली. त्यांच्या बाजूला पखवाजावर कायम तात्या. सख्खे कोणी नाहीत, पण सगळं गाव तात्याच म्हणायचं. मागच्या माघात तात्या गेले. त्यांच्या वाजवण्याचं बाबांकडे एकच रेकॉर्डिंग, काकड्याच्या समाप्तीच्या पहाटेचा सात मिनिटांचा व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. बाबा तो फोनवर लावायचे. त्यात टाळ ऐकू यायचे, बाबा ऐकू यायचे, आणि पखवाजाची फक्त टकटक. फोनचा स्पीकर नखाएवढा. तो खालचा आवाज काढणार कुठून?

एक दिवस बाबा म्हणाले, "ह्याच्यासाठी एक चांगला बॉक्स घेऊ." भात विकून आलेल्यातले पंधरा हजार त्यांनी बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, मी देतो. तर म्हणाले, "तुझा एक माळ्यावर आहे ना."

तो माळ्यावरचा म्हणजे माझ्या पहिल्या पगाराचा होम थिएटर. खोक्यावर वॉटचा आकडा एवढा मोठा होता की मी बाकी काही वाचलंच नाही. दोन पावसाळे चालला. एमडीएफचं खोकं खालून फुगलं, मग एका बाजूचा आवाज गेला, मग वूफरच्या भोकात मुंग्यांनी संसार थाटला. आणलं त्या दिवशी मी बाबांना त्यांच्या जुन्या असेंबल डेकवरून हसलो होतो. तो डेक मुरबाडच्या बाजारपेठेतल्या एका कारागिराने जोडून दिलेला, प्लायचा बॉक्स, आठ इंची स्पीकर. कोन फाटला की नवा बसवून मिळायचा. आता बोलायला तोंड नाही.

एका शनिवारी आम्ही आसनगावहून लोकल पकडून कल्याणला गेलो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण जे झालं ते अशा कुठल्याही दुकानात झालं असतं. ही मोठी दुकानं आपल्याकडे तशी अलीकडचीच. क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये जुहूला उघडलं. त्याआधी ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला रेडिओ-टेप म्हणजे ओळखीचा दुकानदार आणि त्याची उधारी. मर्फी रेडिओचा कारखाना तर ठाण्यातच होता, जुनी माणसं अजून सांगतात.

असो. आत एका भिंतीवर साउंडबार, खाली माणसाच्या कमरेएवढे पार्टी स्पीकर, त्यांना लाल-निळे दिवे. तिथला मुलगा नम्र होता, बदलापूरचा निघाला. त्याने त्याच्या पेनड्राइव्हवरचं गाणं लावलं. बास असा की माझा शर्ट हलला. मी बाबांकडे बघितलं, मला वाटलं खूश होतील. बाबा म्हणाले, "भजन लावा."

त्याने यूट्यूबवर एक पखवाजाचं वादन लावलं. बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला कणीक जास्त झालीय."

त्या मुलाला कळलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. त्याने आवाज खाली उतरतो, खोल होतो. कमी लावली तर कोरडा वाजतो. जास्त झाली तर प्रत्येक थाप सारखीच घुमते, बोटं कुठे पडली ते कळत नाही. त्या साउंडबारच्या सबवूफरचं नेमकं तेच चाललं होतं. थाप कुठलीही असो, आवाज एकच, घुम्म.

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, आवाज मोठा असला की तो चांगला वाटतो. हे माणसाच्या कानाचं आहे. १९३३ मध्ये बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच सूर भरतात. म्हणजे दोन स्पीकर शेजारी वाजवले आणि एक जरासा मोठा ठेवला, तर तोच भारी वाटणार. म्हणून तुलना करताना फोनवर आवाज मोजायचं फुकटचं अ‍ॅप घ्या, एकाच जागी उभे राहा आणि दोन्ही स्पीकर सारख्या आकड्यावर आणा. अ‍ॅपचा आकडा अगदी बरोबर नसतो, पण दोन्हीला चूक सारखीच असते, आपलं काम होतं.

दुसरी, डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. समोर दिसल्यावर मार्क बदलले. कान तेच, माणसं तीच, फक्त दिसायला लागलं. त्या पार्टी स्पीकरचे दिवे कशासाठी असतात, आलं लक्षात?

आणि वॉट. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण मी स्वतः फसलोय. जुन्या टेपवर हजारांत पीएमपीओ लिहिलेलं असायचं, त्या आकड्याला कुठलंही पक्कं मोजमाप नव्हतं. आता आरएमएस लिहितात, ते त्यापेक्षा बरं. तरी एक युक्ती सांगतो. स्पीकरला लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर असेल तर त्याच्यावरचा आउटपुट वाचा. त्या दुकानातल्या एका खोक्यावर १२० वॉट होतं आणि अ‍ॅडॅप्टरवर १८ व्होल्ट, २ अँपिअर. गुणा. ३६ वॉट. नळातून ३६ लिटर येत असेल तर बादलीतून सतत १२० कसे सांडणार? क्षणभराचा ठोका साठवणीतून मोठा देता येतो, पण सलग नाही. तो बदलापूरचा मुलगा स्वतः मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघत राहिला. मात्र वायर थेट भिंतीत जाणारी असेल तर मागच्या पट्टीवरचा वापराचा आकडा बहुतेक वेळा सरासरीचा असतो, तेवढ्यावरून लगेच कोणाला चोर म्हणू नका.

शिवाय वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ६० आणि १२० यात तुम्ही समजता तेवढं अंतर नाही. बारा बाय दहाच्या खोलीत एक-दोन वॉटवर सुद्धा बोलणं थांबवावं लागतं.

खोलीवरून आठवलं. दुकान म्हणजे केवढा हॉल, तिथला बास वेगळा. आपली खोली बारा फूट लांब असेल तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. त्यात सबवूफर कोपऱ्यात ढकलला, जो आपण सगळे ढकलतो, की आणखी फुगतो. दुकानात जो बास मस्त वाटला तो घरी डोकं उठवतो तो यामुळे. आणि घरी नेऊन आवडला नाही तर? आमच्या त्या दुकानात उघडलेलं खोकं परत घेत नव्हते, बिघाड असेल तरच. बिल करायच्या आधी हे विचारा, नंतर नाही.

आम्ही त्या दिवशी काही न घेता परत आलो. बाबा गाडीत काही बोलले नाहीत. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. आम्ही स्पीकर शोधत होतो, पण वाजवणार काय? व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आवाजासकट. फाइलमध्ये जे उरलंच नाही ते लाखाचा स्पीकरही काढून देणार नाही. हे मला, रोज फाइलींशी खेळणाऱ्या माणसाला, महिनाभर सुचलं नव्हतं.

तो व्हिडिओ काढला होता माझ्या आतेभावाने. तो मुरबाडला. बाइक काढली, किन्हवलीवरून सरळगाव, तिथून मुरबाड. रस्त्याचं वर्णन करत नाही, पावसाळा आहे. त्याने तो फोन केव्हाच विकला होता. पण मेमरी कार्ड काढून ठेवलेलं, आत्याच्या देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीत. आत्या म्हणाली, "म्हशाच्या जत्रेचे फोटो आहेत त्यात, फेकू कसं?" त्या कार्डात मूळ व्हिडिओ सापडला. आकाराने व्हॉट्सअ‍ॅपवाल्याच्या कितीतरी पट मोठा.

(इथे दोन्ही फाइलींमधले बारा-बारा सेकंद वाजवले आहेत. वाचणाऱ्यांनी हेडफोन लावून ऑडिओ ऐकावा.)

ऐकलंत? दुसऱ्यात डावा हात आहे. तुमच्याकडे असं कोणाचं काही असेल तर आजच ज्याने शूट केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की ती दाबली जात नाही.

आत्याकडे टीव्हीखाली साउंडबार आहे, अशाच एका मोठ्या दुकानातून घेतलेला, आठ हजारांच्या आतला. मी ऐकला आणि खरं सांगतो, तिच्यासाठी तो बरोबर आहे. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, मालिकेतले संवाद भिंतीला ऐकू जातात. साउंडबार निदान माणसाकडे तोंड करून बोलतो. मी फक्त त्याचा सराउंड मोड बंद करून व्हॉइस मोड लावला. त्यामुळे टीव्हीचे संवाद कळत नाहीत एवढीच अडचण असेल, तर जा आणि साधा साउंडबार घ्या, सबवूफरशिवायचा. पाच स्पीकरच्या वायरी घरभर फिरवायच्या भानगडीत पडू नका, उंदरांना खाद्य होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा कल्याण, पुन्हा तेच दुकान, पेनड्राइव्हवर तात्या. तोच मुलगा होता, त्याने आम्हाला ओळखलं. या वेळी बाबांना स्टुलावर पाठ करून बसवलं. अ‍ॅपवर आवाज सारखा केला. चार साउंडबार झाले, बाबा मान हलवायचे, नाही. मी पाणी प्यायला लॅपटॉपच्या विभागाकडे गेलो तर तिथे प्रिंटरच्या शेजारी दोन लाकडी बॉक्स, चार इंची वूफर, वर ट्विटर, आत अ‍ॅम्प्लिफायर. साधे बुकशेल्फ स्पीकर. कॉम्प्युटर अ‍ॅक्सेसरी म्हणून ठेवलेले, वाजवूनही दाखवत नव्हते. वर धूळ. साडेअकरा हजार.

मुलगा म्हणाला, "सर, ह्याचे वॉट खूप कमी आहेत." ४२ होते.

लावले. बाबा पाठ करूनच बसले होते. एक मिनिट झालं, दोन झाली. मुलगा बंद करायला गेला तर बाबांनी हात वर केला. सात मिनिटं तो अख्खा व्हिडिओ त्या दुकानात वाजला, फ्रीज बघायला आलेलं एक कुटुंब थांबून ऐकत होतं.

घरी आता ते कपाटावर नाहीत, भिंतीपासून हातभर पुढे, लोखंडी स्टूलवर. जमिनीपासून वर, म्हणजे ओल लागणार नाही. मागच्या भोकांना आईच्या जुन्या साडीची जाळी बांधलीय, मुंग्यांसाठी. पावसात वीज कडाडायला लागली की पिन काढायची, हा घरातला कायदा झालाय. सर्व्हिस सेंटर ठाण्याला आहे, ते मी घेण्याआधी विचारलं होतं. लांब आहे, पण आहे. मुरबाडच्या त्या कारागिराला दाखवले तर त्याने मागचा बोर्ड बघून सांगितलं, कोन बदलून देईन, बोर्डाचं माझ्याकडे मागू नको. ही कमतरता आहेच, लपवत नाही.

पहिल्या रात्री बाबांनी तो व्हिडिओ तीनदा लावला. तिसऱ्यांदा एका जागी थांबवला, मागे घेतला, परत लावला. चौथ्या मिनिटाच्या आसपास. मला म्हणाले, "इथे मी मात्रा सोडली होती. मला त्या दिवशी कळलंच नाही. तात्याने सांभाळून घेतलं, बघ."

मी परत परत ऐकलं. मला अजून ती जागा सापडलेली नाही.