चांदींतलीं देवळें

मिरजगांवच्या आमच्या घरीं चांदीच्या पत्र्यानें मढविलेला, हातभर उंचीचा एक देव्हारा होता. त्याचे चार खांब तळाशीं फुगीर व वर निमुळते. खांबांमध्यें महिरप, महिरपीला लोंबणारें केळफूल, आणि देवांमागील प्रभावळीच्या माथ्यावर डोळे वटारलेलें कीर्तिमुख. त्या मुखाची लहानपणीं मला भीति वाटे.

पुढें पुण्याकडील जुन्या वाड्यांत सागवानी सुरूचे खांब पाहिले, तेव्हां देव्हाऱ्याच्या खांबांची ओळख पटली. मोगली इमारतींतला हा घाट पेशवाईंतल्या सुतारांनीं आपलासा केला व सोनारांनीं तो चांदींत उतरविला. कीर्तिमुखाचें घराणें याहून पुष्कळ जुनें. यादवकालीन देवळांच्या उंबरठ्यांवर तें दगडांत कोरलेलें दिसतें. प्रभावळीच्या दोन्ही टोकांचे मकर म्हणजे देवळांतील मकरतोरणच होय. अत्तरदाणीचें झांकण पाहा. त्यावरही पुष्कळदां शिखर व कळस असतो. दगडी खांबाला छताचा भार पेलावा लागतो, चांदीच्या खांबाला कांहींच नाहीं. तरी पाथरवटाची एकेक कणी सोनार इमानानें राखतो. इंग्लंडांतही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ग्रीक-रोमन स्तंभांच्या घाटाच्या चांदीच्या मेणबत्तीदाण्या निघाल्या. तेथेंही स्तंभाच्या माथ्यावर भार एका मेणबत्तीचाच!

हें उठावाचें काम मोठ्या धीराचें. पत्रा राळेवर बसवावयाचा, मागून ठोकून आकृति फुगवावयाची, मग उलटून पुढून कलमांनीं रेषा साधावयाच्या. पत्रा मुळांत पातळ. म्हणून अशा वस्तूंत चांदी थोडी आणि घडणावळच फार. मोडींत मात्र घडणावळीची किंमत शून्य.

१९७२ च्या दुष्काळांत आमचा देव्हारा मोडींत गेला. वडील मला बरोबर घेऊन गेले होते. सोनारानें लांकडावरून पत्रा सोलला, कीर्तिमुख हातोडीनें चेपून सपाट केलें आणि सगळें तराजूंत टाकलें. त्याचा तरी काय दोष? त्याला वजन हवें होतें, आम्हांला ज्वारी. परतीच्या वाटेवर वडील एक शब्द बोलले नाहींत.

कळस तेवढा परत मिळाला. आंत लाख भरलेली असल्यानें त्याचें वजन धरतां येईना. आज आमच्या साध्या लांकडी देव्हाऱ्यावर तोच बसविला आहे. थोडा तिरपा बसतो.