हिमभूमीतील पोलादी बांधकाम

आपल्याकडे एखाद्या गावी शाळेची खोली बांधावयास घेतली आणि बोल्टची एक पेटी कमी पडली, तर तालुक्याच्या गावी माणूस धाडता येतो. दुसऱ्या दिवशी काम पुढे चालू होते. अंटार्क्टिकावर बांधकाम करणाऱ्याला ही सोय नाही. मागे राहिलेली पेटी तेथे पुढील वर्षीच्या जहाजानेच येणार. उन्हाळ्याचे जे थोडे महिने हाती लागतात, तेवढ्यात छप्पर पुरे झाले नाही तर प्रश्न नुसत्या दिरंगाईचा राहत नाही. हिवाळाभर तेथे अडकून राहणाऱ्या माणसांच्या प्राणांचा तो प्रश्न होतो.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. त्यानंतर १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे उभे राहिले. त्याचे भाग आधीच तयार करून नेलेले होते, आणि अवघ्या एका उन्हाळ्यात ते पुरे झाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ठाण्याची जागा समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर होती. तेथे इमारत म्हणजे वाऱ्याच्या वाटेतील अडथळाच. वाऱ्याबरोबर वाहणारे हिम भिंतीशी अडते, साठते, आणि वर्षागणिक इमारत खाली खाली जाते. ‘दक्षिण गंगोत्री’ अशीच हिमात गाडली गेली. १९९० मध्ये निवासाचे ठाणे म्हणून ती बंद करावी लागली. थंडीचा विचार सर्वांनीच केलेला असतो. पहिल्या ठाण्याला गिळले ते मात्र हिमाने.

हा धडा ‘मैत्री’ या दुसऱ्या ठाण्याच्या वेळी उपयोगी पडला. १९८९ मध्ये शिर्माकर या हिममुक्त खडकाळ प्रदेशात ते उभारण्यात आले. पुण्यानजीक दिघी येथील संरक्षण खात्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेचाही त्या कामात वाटा होता. येथे इमारत जमिनीला न टेकविता खांबांवर उचललेली आहे. खालच्या मोकळ्या जागेतून वारा वेगाने जातो आणि येणारे हिम आपल्याबरोबर पुढे नेतो. ज्या वाऱ्याने पहिले घर पुरले, त्याच्याकडूनच दुसऱ्या घराचे अंगण झाडून घ्यावयाचे, असा हा साधा व्यवहार आहे.

अशा ठिकाणी पोलादाचा स्वभावही पालटतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उष्ण हवेत वाकणारे पोलाद अतिशय थंडीत काचेसारखे तडकू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जानेवारी १९४३ मध्ये, अमेरिकेतील ‘शेनेक्टडी’ नावाचे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्यालगत उभे असताना अचानक जवळजवळ दुभंगले. अशा अपघातांनंतर पोलादाची नुसती ताकद पाहणे पुरेसे नाही, थंडीतील आघात सोसण्याचा त्याचा गुणही तपासला पाहिजे, ही दृष्टी दृढ झाली. भारतीय मानक २०६२ मध्ये ‘सी’ प्रतीच्या पोलादाची आघात-चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला घेतात, ती याच कारणाने. शिवाय पोलाद आकसते: १०० मीटर लांबीचा भाग तापमानात ५० अंशांचा फरक पडल्यास सुमारे ६ सेंटिमीटरने लांबी बदलतो. तेवढी जागा सांध्यांत ठेवली नाही तर बोल्टांवर ताण येतो.

वेल्डिंगचे काम त्याहून नाजूक. गार पत्रा सांध्यातील उष्णता झपाट्याने शोषून घेतो. सांधा एकदम निवतो, कडक व ठिसूळ बनतो, आणि ओलाव्यातून शिरलेला हायड्रोजन वायू आत अडकून राहिल्यास काही तासांनीही भेग पडते. यासाठी पत्रा आधी तापवावा लागतो, वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत सुकवाव्या लागतात आणि वाऱ्याला आडोसा करावा लागतो. जाड हातमोजे घातलेल्या कामगाराकडून हे सारे उघड्यावर करवून घेण्यापेक्षा वेल्डिंग कारखान्यात आटोपावे आणि जागेवर फक्त बोल्ट आवळावेत, हे शहाणपणाचे. जागेवर जितके सांधे कमी, तितकी काळजी कमी.

‘भारती’ या तिसऱ्या ठाण्यात ही कल्पना बरीच पुढे नेलेली दिसते. लार्समन टेकड्यांवरील हे ठाणे मार्च २०१२ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचा गाभा जहाजावर माल वाहणाऱ्या १३४ कंटेनरांचा आहे. एरवी कंटेनर म्हणजे नुसते खोके. येथे ते खोकेच खोल्या झाले आणि इमारतीचा भारही त्यांनीच घेतला. त्यांच्याभोवती उष्णता अडविणारे बाह्य आवरण आहे. १९९१ च्या पर्यावरणविषयक करारानुसार त्या भूमीवर कचरा मागे टाकता येत नाही; तेव्हा सुटे करून परत नेता येईल असे घर बांधणे यालाही महत्त्व आहे.

मात्र सर्वच दुर्गम जागी तयार घर नेता येत नाही. समुद्रमार्गे मोठे भाग जातात. डोंगरातील अरुंद वळणांवर ते अडतात. जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब नदीवरील रेल्वे पूल उभारताना ही अडचण आली. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे या कामाची जबाबदारी होती. कोकणातील दऱ्याखोऱ्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या संस्थेलाही नदीपात्रापासून ३५९ मीटर उंची आणि ४६७ मीटरची कमान ही गोष्ट नवीनच. तेथे कारखान्याचा माल डोंगरावर नेण्याऐवजी कारखानाच डोंगरावर नेण्यात आला. पुलाजवळच्या कार्यशाळांत पत्रे कापून, वेल्डिंग करून भाग तयार होत आणि दरीवर ताणलेल्या केबल क्रेनने ते जागेवर पोहोचविले जात. एकूण २८,६६० टन पोलाद घडविण्यात आले. ६ जून २०२५ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. वृत्तपत्रांनी कमानीची छायाचित्रे छापली, ते योग्यच झाले. पण या कामासाठी २६ किलोमीटर लांबीचे वाहनयोग्य रस्तेही बांधावे लागले होते, आणि त्यांची छायाचित्रे फारशी कोणी पाहिली नसतील.