सायकलची शर्यत आणि तिचा प्रेक्षक



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, पाण्याच्या प्रश्नावर आणि राज्यघटनेवर बोलून गेलेल्या विद्वानांच्या मागोमाग आम्ही सायकलच्या शर्यतीचा विषय घेऊन उभे आहोत, याचा आम्हांस थोडा संकोच वाटतो. विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एकांचा असा समज झाला की आम्ही सायकल चालवण्याचे फायदे सांगणार. तसे नाही. आम्ही वैरागहून बार्शीपर्यंत सायकल मारली तर दुसऱ्या दिवशी उठता येत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते सायकल पाहण्याविषयी. गेली पंचवीस वर्षे दर जुलैमध्ये, इकडे आषाढाच्या सरी पडत असताना, आम्ही फ्रान्समधली एक सायकलची शर्यत पाहत आलो आहो. हा छंद आम्हांला काय शिकवून गेला एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ मात्र फ्रान्समध्ये झाला नाही, बाजारतळावर झाला. आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना सात-सात दिवस सायकल चालवणारे ते खेळकरी आठवत असतील. मैदानात बांबू रोवून गोल आखायचा, कर्ण्यावर गाणी लावायची आणि त्या गोलात एक माणूस दिवसरात्र सायकल फिरवीत राही. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. बायाबापड्या लेकरांना घेऊन येत, कोणी त्याच्या सदऱ्याला नोट टाचून जाई. गावात चर्चा एकच : रात्री तो उतरतो की नाही?

आम्ही त्या वेळी पाचवीत होतो. आम्ही तिघा मित्रांनी ठरवले की, हे आपण डोळ्यांनी पाहायचे. घरी कीर्तनाची थाप मारून आम्ही मैदानाशेजारच्या एका बैलगाडीखाली पडून राहिलो. पहाटेच्या सुमारास कर्णा बंद होता, दिवा मंद होता, आणि त्या माणसाने सायकल बांबूला टेकवली, पाय जमिनीवर ठेवले आणि तो मटकन खाली बसला. पाचसात मिनिटे बसला असेल. मग पुन्हा चढला. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि कोणाला सांगायचे नाही असे ठरले. का, ते त्या वेळी सांगता आले नसते. तो आम्हांस आवडत होता, एवढे खरे.

ही गोष्ट येथेच ठेवून आता शर्यतीकडे येऊ.

आपल्याकडे नाव निघते ते मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे. १९४५ सालापासूनची म्हणून ती सांगितली जाते. खोपोली सोडली की बोरघाट लागतो आणि सुमारे पाचशे मीटरांची चढण उभी राहते. तो घाट सर्वांच्या आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळे बक्षीस असते. शर्यतीचा विजेता एक आणि घाटाचा राजा दुसराच, असेही होऊ शकते. सायकलच्या शर्यतीत एकाच वेळी अनेक शर्यती चाललेल्या असतात, हा पहिला धडा त्या घाटात मिळतो.

फ्रान्सची शर्यत याच जातीची, पण विस्ताराने फार मोठी. एका वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी १९०३ साली ती काढली. आज ती एकवीस टप्प्यांची असते, विश्रांतीचे दोन दिवस धरून तेवीस दिवस चालते, आणि अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. प्रत्येक दिवसाच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पिवळा सदरा घालतो. पिवळा का? तर ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. १९१९ साली हा सदरा आला आणि अजून चालू आहे.

या शर्यतीला मैदान नाही, रस्त्याकडेला उभे राहण्यास तिकीट नाही. लोक डोंगरावर आदल्या दिवशीच जाऊन बसतात, भाकरतुकडा बरोबर नेतात, आणि ज्यासाठी एवढे केले तो घोळका समोरून मिनिटा-दोन मिनिटांत निघून जातो. आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “एवढ्यासाठी दिवस घालवायचा?” आम्ही म्हटले, “रावसाहेब, पालखी आपल्या दारावरून जायला किती वेळ लागतो? आणि आपण सकाळपासून सडा घालून उभे असतोच ना?” ते हसले. वाट पाहणे हा पाहण्याचाच एक भाग आहे, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु शर्यत समजून घ्यावयाची तर वाऱ्याचे गणित आधी समजले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यात खर्च होते. जो दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतर राखून चालतो त्याची चौथा ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. सोलापूरहून येताना उलट वाऱ्यात ट्रॅक्टरमागे सायकल घालणाऱ्या मुलाला हे शास्त्र पाठ असते. (हे कोणी करू नये, फार धोक्याचे आहे.) म्हणून फ्रान्समध्ये एकेका संघात आठ स्वार असले तरी जिंकण्यासाठी बहुधा एकालाच राखून ठेवतात. उरलेले सात वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, नायकाचे चाक फुटले तर आपले काढून देतात. फ्रेंच भाषेत त्यांना जो शब्द आहे त्याचा अर्थच घरगडी. टाळ्या नायकाला मिळतात, घरगड्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या पत्रात चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर बारीक टाइपात असते.

१९३४ सालची गोष्ट सांगतो. रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा फ्रान्सच्या संघात होता. डोंगर चढण्यात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. संघाचा नायक होता आंतोनँ मान्य, आणि पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता. पिरेनीज पर्वतात एका उतारावर मान्यचे पुढचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून त्याला दिले आणि स्वतः रस्त्याकडेच्या कठड्यावर दुसरे चाक येण्याची वाट पाहत बसला. त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी बिनचाकाची सायकल, समोरून प्रतिस्पर्धी निघून जात आहेत, आणि हा मुलगा रडतो आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मान्य मागे अडकला. पुढे गेलेला व्हिएतो उलटा फिरला, उतरलेला डोंगर पुन्हा चढून आला आणि आपली सायकल त्याला देऊन मोकळा झाला. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. घाटाच्या राजाचा मान मात्र त्याला मिळाला.

तो जिंकला असता की नाही यावर वाद घालणारे घालोत. आमचे म्हणणे एवढेच की, ते छायाचित्र कोणी घेतले नसते तर त्या चाकाची किंमत कोणास कळली असती? तक्त्यात फक्त क्रमांक राहिला असता. तेव्हा रस्त्याकडेला उभा असलेला माणूस नुसता टाळ्या वाजवणारा नव्हे. जे तक्त्यात येत नाही त्याचा तो साक्षीदार आहे.

आता कडू भागाकडे वळणे प्राप्त आहे. ज्या वर्षी आम्ही ही शर्यत मनापासून पाहू लागलो त्या काळात तिचा राजा होता लान्स आर्मस्ट्राँग हा अमेरिकन. १९९६ साली त्याला कर्करोग झाला, तो फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून तो उठला आणि १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षे ही शर्यत त्याने जिंकली. त्याच सुमारास आमच्या घरी हेच दुखणे शिरले. आमच्या वडिलांना घेऊन आम्ही बार्शीच्या रुग्णालयात फेऱ्या घालत होतो. बाहेरच्या बाकावर पाळी येईपर्यंत तासन्‌तास जात. अण्णांना सायकलीत गम्य नव्हते, पण आम्ही त्यांना या माणसाची गोष्ट सांगत असू. उपचाराने अंगात त्राण राहत नसे, तेव्हा ते विचारीत, “तो तुझा सायकलवाला आज कुठवर आला?” आणि घाट संपला म्हटले की त्यांना बरे वाटे. अण्णा त्या दुखण्यातून उठले.

२०१२ साली सत्य बाहेर आले. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारी औषधे घेऊन, आपलेच रक्त काढून पुन्हा भरून तो जिंकत होता. त्याच्याच संघातल्या अकरा जुन्या सहकाऱ्यांनी साक्षी दिल्या. सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावर त्याने स्वतः कबुली दिली. त्या सात वर्षांच्या विजेत्याच्या रकान्यात आज कोणाचेच नाव नाही.

आम्ही ती बातमी अण्णांना कशी सांगावी या विवंचनेत दोन दिवस काढले. शेवटी सांगितली. आणि त्याबरोबर दुसऱ्या एकाची हकीकतही सांगितली. क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच स्वार. औषधे घ्यावयाची नाहीत असा त्याचा निश्चय होता. १९९९ च्या शर्यतीत तो वर्तमानपत्रात लिहीत असे, आणि एवढ्या वेगाने शुद्ध शरीराने जाता येणे अवघड आहे असे उघड म्हणत असे. एके दिवशी आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत त्याला गाठून सुनावले की, तू खेळाचे नुकसान करतो आहेस, घरी जा. घोळक्यातले बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. शर्यत संपण्यापूर्वीच तो घरी गेला. त्या जुलैमध्ये आम्ही सर्व प्रेक्षक पिवळ्या सदऱ्याकडे पाहत होतो. कोण घरी गेला हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

अण्णांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, “आजार तर खरा होता ना त्याचा? मग आपण जे घेतले ते खरेच घेतले. पण त्या घरी धाडलेल्या पोराचे काय?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही पुरते नाही. बैलगाडीखालची ती पहाट आम्हांस आठवली. त्या गरीब खेळकऱ्याच्या पाच मिनिटांनी कोणाचे नुकसान झाले नव्हते. त्याच्याशी कोणी स्पर्धा करीत नव्हते, त्याला गप्प राहून सांभाळले यात आम्हांस आजही पाप वाटत नाही. परंतु शर्यतीत एकाचे खोटे दुसऱ्याच्या ताटातले असते. तेथे आवडत्या माणसासाठी डोळे मिटणे म्हणजे न दिसणाऱ्या कोणाच्या तरी हक्कावर पाय देणे होय. एकच मौन एके ठिकाणी माया ठरते आणि दुसरीकडे अन्याय, हा भेद आम्हांस सायकलने शिकवला.

मग ही शर्यत सोडून का देत नाही, असे कोणी विचारील. काही वर्षे आम्ही सोडली होती. परत आलो ते घरगड्यांसाठी. २००८ पासून व्यावसायिक स्वारांच्या रक्ताची कायम नोंद ठेवली जाते, तपासणी पूर्वीपेक्षा कडक आहे. म्हणून आता सर्व निर्मळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पाहण्याची रीत आम्ही बदलली. पहिला आला की पडदा बंद करीत नाही. घाटाच्या दिवशी वेळेची मर्यादा ठरलेली असते, तिच्या आत न पोहोचणारा बाद होतो. ती गाठण्यासाठी शेवटचे वीस-पंचवीस जण एकमेकांना धरून, एकमेकांना वारा अडवून कसे येतात, ते पाहतो.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची सायकल शर्यत झाली तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. एका चढावर तीन तास उभे होतो. घोळका डोळ्यांसमोरून भुर्रकन गेला आणि लोक पांगले. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने एकटा एक पोरगा आला, मान खाली, सदरा घामाने चिकटलेला. रस्त्यावर आम्ही आणि दोन शाळकरी मुली एवढेच उरलो होतो. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्याने मान उचलून पाहिले आणि पुढे गेला. त्याचे नाव आम्हांस माहीत नाही.

आपल्या गावीही जयंतीला, जत्रेला सायकलच्या शर्यती लागतात. पहिल्या तिघांना शाल-श्रीफळ मिळते आणि मांडव उठू लागतो. आमची आपल्याला एवढीच विनंती आहे की, यापुढे शेवटचा मुलगा येईपर्यंत कोणी खुर्ची उचलू नये.